नाव रत्नागिरीचे, सातबारा कंपनीचा!

ज्या रत्नागिरीत १८५६ साली लोकमान्य टिळकांचा जन्म झाला, ज्या जिल्ह्यातील मुरुडच्या मातीत महर्षी कर्वे घडले, ज्या जिल्ह्यातील आंबडवे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव म्हणून कोट्यवधींना वंदनीय आहे, त्या जिल्ह्याचे नाव २०२३ साली महाराष्ट्र क्रिकेट संघटनेने बोलीवर चढवले. पुण्यातील जेटसिंथेसिस या व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीने ते पदरात पाडून घेतले. त्याला स्वतःच्या नावाचा तुकडा जोडून ‘रत्नागिरी जेट्स’ हा व्यावसायिक क्रिकेट संघ उभा केला. आणि या साऱ्या व्यवहारात रत्नागिरीचा म्हणून जगणाऱ्या माणसाची, मग तो मिरकरवाड्याचा मच्छीमार असो, पावसचा आंबा बागायतदार असो की गिरगाव-परळच्या खोलीत हयात घालवलेला चाकरमानी असो, ना कुठे सही लागली, ना संमती, ना भागीदारी. जिल्ह्याचे नाव परस्पर विकले गेले.

संघ चांगला खेळला, हे आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. अझीम काझी यांच्या नेतृत्वाखाली या संघाने महाराष्ट्र प्रीमियर लीगचे २०२३ आणि २०२४ असे लागोपाठ दोन करंडक जिंकले. परंतु हे करंडक कोणापुढे जिंकले? गहुंज्याच्या स्टेडियमवर, पुणे-मुंबई द्रुतगती मार्गाच्या कडेला, घाटाच्या या बाजूला. लीगचा सारा डाव त्या एका मैदानावर मांडलेला. कोल्हापूरचा संघ तिथेच, नाशिकचा तिथेच, रत्नागिरीचाही तिथेच. ज्या गावांत भातकापणी उरकली की शेतातच खेळपट्टी करून टेनिस बॉलच्या स्पर्धा रंगतात, मुंबईहून आलेले चाकरमानी ज्यांच्या बक्षिसाला वर्गणी काढतात आणि सरपंचापासून शाळकरी पोरापर्यंत सारा गाव बांधावर बसून सामना पाहतो, त्या गावांच्या नावाने खेळणाऱ्या संघाला घरच्या मैदानावर टाळी मिळालेली नाही. रत्नागिरीने आपला विजेता संघ दूरचित्रवाणीवर पाहिला.

आज प्रश्न असा उभा आहे की, या कंपनीने हा संघ आपल्याकडे ठेवावा की विकावा? प्रश्न उगाच पडलेला नाही. ‘रिअल क्रिकेट’ हा भ्रमणध्वनीवरचा क्रिकेटचा खेळ बनवणाऱ्या नॉटिलस मोबाइल या पुण्यातील संस्थेची मालकी याच जेटसिंथेसिसकडे होती. मार्च २०२५ मध्ये तिचा ७५ टक्के हिस्सा दक्षिण कोरियाच्या क्राफ्टन कंपनीने सुमारे ११८ कोटी रुपयांना घेतला. म्हणजे पडद्यावरचे क्रिकेट विकून मोकळे झाले. ज्या व्यवसायाशी क्रिकेटच्या संघाचा काही नैसर्गिक संबंध सांगता येत होता, त्या व्यवसायाचा मोठा वाटा सातासमुद्रापार गेला. मग मैदानावरचे क्रिकेट कोणत्या नात्याने हातात धरून ठेवायचे? उद्या ताळेबंद आवळायची वेळ आली, गुंतवणूकदारांनी विचारणा केली, तर हा संघही त्याच पटलावर ठेवला जाईल आणि सर्वाधिक रक्कम लिहिणाऱ्या कुठल्याशा शहरातील कुठल्याशा समूहाच्या हाती रत्नागिरीचे नाव दुसऱ्यांदा जाईल. तेव्हाही रत्नागिरीला कोणी विचारणार नाही.

म्हणून आमचे मत निःसंदिग्ध आहे. हा संघ विकावा. आणि तो रत्नागिरीला विकावा.

या कंपनीवर आम्ही कोणताही दोषारोप करत नाही. तिने नियमाने बोली लावली, नियमाने पैसे मोजले, होतकरू खेळाडूंना मंच दिला. पापाचा धनी कंपनी नव्हे. ज्या संघटनेकडे मुंबई आणि विदर्भ वगळून उर्वरित महाराष्ट्राच्या क्रिकेटची विश्वस्तता आहे, जिल्ह्याजिल्ह्यांच्या संलग्न संस्थांच्या मतांवर जिचा कारभार चालतो, तिने आपल्याच घटकांची नावे बाजारात मांडताना एवढी साधी अटसुद्धा कागदावर आणू नये की बाबांनो, ज्या जिल्ह्याचे नाव घ्याल त्या जिल्ह्यात वर्षाला निदान चार सामने खेळा, त्या जिल्ह्यातील मुलांसाठी निवड चाचण्या घ्या, तिथल्या एका मैदानाची निगा राखा? आमच्या नागपूरच्या लकडगंजात लाकडाचे व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. आलापल्ली-बल्लारशाच्या डेपोत सागवानाचा ओंडका लिलावात घेतला, त्यावर हातोड्याचा शिक्का बसला, की तो घेणाऱ्याचा; त्याने त्याचे दार करावे, खाट करावी की जाळावे, हा त्याचा अधिकार. ओंडक्यासाठी हा न्याय योग्य आहे. पण जिल्हा म्हणजे तोडून आणलेला ओंडका नव्हे. तो अजून मुळावर उभा आहे आणि त्याखाली माणसे राहतात.

संघटनेला हा धडा नवा नव्हता, यामुळे तिचा अपराध अधिकच गंभीर ठरतो. जिथे आज रत्नागिरी, कोल्हापूर आणि नाशिकची नावे खेळवली जातात त्या गहुंजे स्टेडियमच्या कपाळावर एकेकाळी सहारा समूहाच्या सुब्रत रॉय यांचे नाव कोरले गेले होते. त्याच सहाराने २०१० साली ३७ कोटी डॉलर मोजून आयपीएलमध्ये पुण्याचा संघ विकत घेतला होता, आणि त्या वेळी ती आयपीएलच्या इतिहासातील सर्वांत मोठी बोली म्हणून वाजतगाजत मिरवली गेली होती. पुढे काय झाले? तीन हंगाम उलटले नाहीत तोच मालक आणि नियामक मंडळ यांच्यात पैशांवरून जुंपली, २०१३ साली पुणे वॉरियर्स हा संघ संपला, आणि स्टेडियमवरचे नावही देणे थकल्यामुळे उतरवावे लागले. त्यानंतर दोन वर्षांच्या मुदतीचा रायझिंग पुणे सुपरजायंट्स आला; २०१७ साली अंतिम सामन्यात एका धावेने हरला आणि मुदत संपली म्हणून तोही विझला. दोनदा पुण्याच्या मुलांनी झेंडे विकत घेतले, दोनदा ते झेंडे अडगळीत गेले. हैदराबादचा डेक्कन चार्जर्स २००९ चा विजेता; मालक असलेला वृत्तपत्र समूह कर्जात बुडाला आणि २०१२ मध्ये विजेता संघच पुसला गेला. केरळचा कोची टस्कर्स एकाच हंगामात गेला. मालकाचा धंदा आजारी पडतो आणि मरतो मात्र शहराचा संघ. हे सारे डोळ्यांसमोर घडलेले असताना, स्वतःच्या स्टेडियमच्या भिंतीवर त्याचा व्रण असताना, महाराष्ट्र क्रिकेट संघटनेने २०२३ मध्ये तोच साचा पुन्हा वापरला.

आणि फळ हाती यायला दोन वर्षेही लागली नाहीत. पहिल्या हंगामात सोलापूर रॉयल्स होता, छत्रपती संभाजी किंग्ज होता. २०२५ च्या पुरुषांच्या स्पर्धेत ही दोन्ही नावे नाहीत; त्यांच्या जागी रायगड आणि सातारा आले आहेत. रायगड-साताऱ्याचे आम्ही स्वागतच करतो. परंतु ज्या सोलापूरकर पोराने पहिल्या वर्षी भिंतीवर आपल्या संघाचे चित्र लावले, त्याला उत्तर कोण देणार? त्याच्या निष्ठेचा भाव काय ठरला होता? शहराभिमान ही लहान वयात रुजणारी आणि जन्मभर टिकणारी भावना असते. ती एका हंगामाच्या मुदतीवर भाड्याने देता येत नाही. ती उखडली की त्या जागी क्रिकेटविषयीचा संशय उगवतो.

कोणी म्हणेल, व्हिडिओ गेमच्या कंपन्या जगभर संघ बाळगतात, मग जेटसिंथेसिसनेच काय घोडे मारले? जगातले सर्वांत प्रसिद्ध उदाहरण आम्हालाही ठाऊक आहे, आणि तेच आमच्या बाजूने साक्ष देते. १८८९ साली क्योटोत हानाफुदा नावाचे पत्ते बनवण्यापासून सुरू झालेल्या निन्टेन्डोचे प्रमुख हिरोशी यामाउची यांनी १९९२ मध्ये अमेरिकेतील सिॲटल मरिनर्स या बेसबॉल संघात बहुसंख्य हिस्सा घेतला. का घेतला? संघ सिॲटल सोडून फ्लोरिडाला जाण्याच्या बेतात होता. निन्टेन्डोचे अमेरिकेतील मुख्यालय सिॲटललगतच्या रेडमंडला होते. त्या परिसराने आपल्या कंपनीला थारा दिला, त्याची ही परतफेड, अशी त्यांची भूमिका होती. बेसबॉलच्या धुरीणांनी परदेशी मालकाला कडाडून विरोध केला, स्थानिक भागीदार जोडायला लावले, आणि यामाउचींचा मताधिकार निम्म्याच्या आत बांधूनच संमती दिली. हा गृहस्थ मरेपर्यंत आपल्या संघाचा एकही सामना मैदानावर बसून पाहायला गेला नाही, तरी संघ सिॲटलबाहेर गेला नाही. बेसबॉलपटू इचिरो सुझुकी तिथे खेळला, तिथे गाजला. आणि २०१६ मध्ये निन्टेन्डोने विकायचे ठरवले तेव्हा संघाची किंमत १.४ अब्ज डॉलरवर पोहोचलेली होती. कोणताही पैसेवाला रांगेत उभा राहिला असता. विक्री झाली ती जॉन स्टँटन यांच्यासह सिॲटलच्याच, आधीपासून भागीदार असलेल्या मंडळींना. स्वतःपुरता दहा टक्के हिस्सा ठेवून कंपनी बाजूला झाली.

परक्या देशातील पत्ते-खेळण्यांच्या कंपनीला जे सुचले, ते महाराष्ट्रातील कंपनीला महाराष्ट्रातील जिल्ह्यासाठी सुचू नये? जर्मनीत १९९८ पासून दंडकच आहे की, फुटबॉल क्लबच्या मताधिकाराचा निम्म्याहून अधिक भाग सभासदांच्याच हाती राहिला पाहिजे. अमेरिकेतील ग्रीन बे या छोट्या गावाचा फुटबॉल संघ १९२३ पासून लोकांच्या समभागांवर उभा आहे आणि आजतागायत त्या गावातून हललेला नाही. मग सहकाराची जन्मभूमी म्हणून मिरवणाऱ्या, १९५० साली प्रवरानगरला शेतकऱ्यांच्या मालकीचा साखर कारखाना उभा करून दाखवणाऱ्या या राज्याला वीस-पंचवीस खेळाडूंचा क्रिकेट संघ सहकाराने चालवता येणार नाही, असे मानणे हा आपल्याच इतिहासाचा अवमान आहे. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून लोकांच्या आधारावर उभे आहे. त्याचे पथक १९३६ साली बर्लिनच्या ऑलिम्पिकप्रसंगी आपले देशी खेळ दाखवून आले. कोणत्या कंपनीने त्यांचे नाव विकत घेतले होते?

या प्रश्नाचे दुसरे आणि अधिक भयंकर अंग आहे. जेटसिंथेसिसवर जुगाराचा ठपका ठेवण्याचे आम्हाला कारण नाही, हे पुन्हा स्पष्ट सांगतो. परंतु क्रीडासंघाचे दार एकदा ‘गेमिंग’ या शब्दाला विनाअट उघडले, की त्या दारातून कोण आत येते हे देशाने पाहिले आहे. जुलै २०२३ मध्ये भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने राष्ट्रीय संघाच्या छातीवर ड्रीम११ चे नाव तीन वर्षांसाठी ३५८ कोटी रुपयांना लावले. पैसे लावून संघ निवडण्याचा तो धंदा; कौशल्याचा खेळ आहे असे न्यायालयांतून सिद्ध करून घेतलेला; आणि त्याची जाहिरात देशाच्या जर्सीवर. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने दोन दिवसांत कायदा करून पैशांवर खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आणि भारताचा संघ सप्टेंबरातील आशिया चषकात छातीवर कोणाचेही नाव न घेता उतरला. जे काल राष्ट्राच्या पोशाखावर झळकत होते, ते आज तुरुंगवासाच्या कलमाखाली आले! संसदेला जे समजायला इतकी वर्षे लागली, ते घरातल्या आईला पहिल्याच महिन्यात समजले होते, कारण किराण्याचे पैसे तिच्या डब्यातून गेले होते.

नागपूरला तर हे शिकवायला कोणी बाहेरून यायची गरज नाही. २०२३ साली याच शहरातील एका व्यापाऱ्याने पोलिसांत तक्रार दिली की, ऑनलाइन जुगाराच्या ॲपवर आपले ५८ कोटी रुपये बुडाले. पोलिसांनी गोंदियात छापा घातला तेव्हा रोख नोटांचे आणि सोन्याचे ढीग निघाले. मोठा व्यापारी होता म्हणून बातमी झाली. इतवारीच्या हमालाचे तीन हजार जातात, आरा मशीनवरच्या मजुराचा आठवड्याचा पगार जातो, त्याची बातमी होत नाही. आणि राज्यकर्ते? जुलै २०२५ मध्ये राज्याचे तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे विधान परिषदेत बसून भ्रमणध्वनीवर रमी खेळत असल्याचे दर्शवणारी चित्रफीत महाराष्ट्राने पाहिली. आपण खेळत नव्हतो, समोर आलेली जाहिरात बंद करत होतो, असा त्यांचा खुलासा होता. तो खुलासा अक्षरशः खरा मानला, तरी पत्त्यांची जाहिरात सभागृहात बसलेल्या मंत्र्याच्या बोटांपर्यंत पोहोचली होती एवढे सिद्ध होतेच. त्यावर शासनाने काय केले? शेती काढून घेतली आणि त्यांच्याकडे क्रीडा व युवक कल्याण खाते सोपवले. महाराष्ट्राच्या तरुणांचे आणि खेळाचे मोल राज्यकर्त्यांच्या लेखी किती आहे, याचा याहून उघडा दाखला कोणता हवा?

लकडगंजात बसून रत्नागिरीसाठी आमचा जीव का तुटतो, असे कोणी विचारील. कारण तीच वरात आता आमच्या दारात आली आहे. विदर्भ क्रिकेट संघटना स्वतंत्र. अकरा जिल्ह्यांची विश्वस्त. २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ असे तीन रणजी करंडक या संघटनेच्या मुलांनी जिंकले, आणि ते कोणा मालकाच्या पैशाने नव्हे तर अकादमीतील वर्षानुवर्षांच्या मेहनतीने जिंकले. कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा उमेश यादव भारतासाठी धावला. हर्ष दुबेने २०२४-२५ च्या एकाच रणजी हंगामात ६९ बळी घेऊन विक्रम केला. हा विदर्भाचा संघ कोणालाही विकता येत नाही, म्हणून तो विदर्भाचा आहे. पण २०२५ मध्ये नागपूरजवळच्या जामठा स्टेडियमवर जी व्यावसायिक टी-ट्वेंटी लीग सुरू झाली, तिच्या संघांची नावे वाचा. नेको मास्टर ब्लास्टर, पगारिया स्ट्रायकर्स. उद्योगसमूहांची नावे आहेत, नागपूरचे आहे. गडचिरोली कुठे आहे? बुलढाणा, वाशीम, यवतमाळ कुठे आहेत? ज्या जिल्ह्यांच्या संस्था संघटनेला मते देतात, त्यांना नावापुरतेही स्थान नाही. रत्नागिरीचे निदान नाव तरी घेतले गेले. आमच्या जिल्ह्यांची नावे घेण्याचीही गरज वाटली नाही.

याच नागपुरात २००१ साली हिस्लॉप महाविद्यालयाचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी झोपडपट्टीतल्या, फुटक्या बादलीला लाथा मारत खेळणाऱ्या मुलांना एकत्र केले आणि ‘स्लम सॉकर’ उभे केले. त्यांच्यावर चित्रपट निघाला. त्या मुलांची बोली कधी लागली नाही, तरी ती ज्या वस्तीतून आली ती वस्ती त्यांना आपली म्हणत होती. जामठ्याच्या झगझगाटात बसलेल्या पदाधिकाऱ्यांनी या शहराचा हा वारसा विसरावा, आणि खेळाडूंना मालकांच्या नावावर चढवण्यात भूषण मानावे, हे आम्हाला सहन होत नाही.

तेव्हा आमची मागणी स्पष्ट आहे. जेटसिंथेसिसने रत्नागिरीचा संघ विकण्याचा निर्णय जाहीर करावा, आणि त्यावर पहिला हक्क रत्नागिरी जिल्ह्यातील क्रिकेट संस्था, बागायतदार आणि मुंबईतील चाकरमानी मंडळे यांनी मिळून नोंदवलेल्या सहकारी संस्थेचा मानावा. रक्कम हप्त्याने घ्यावी. हवे असल्यास निन्टेन्डोप्रमाणे छोटा हिस्सा स्वतःकडे ठेवावा. कंपनीत २०२१ मध्ये गुंतवणूक केलेल्या सचिन तेंडुलकर यांचा शब्द महाराष्ट्रात वजनदार आहे. तो शब्द त्यांनी या कामी टाकावा. महाराष्ट्र क्रिकेट संघटनेने मताधिकाराचा निम्म्याहून अधिक वाटा जिल्ह्याच्या सभासदांकडे राखण्याची अट प्रत्येक संघाच्या करारात घालावी, आणि पैशांवर खेळल्या जाणाऱ्या खेळांच्या कोणत्याही धंद्याचे नाव, कायदा उद्या सैल झाला तरी, जर्सीवर येणार नाही असे लिहून द्यावे. विदर्भ क्रिकेट संघटनेने तर दुसऱ्याचे पाहून शहाणे व्हायची संधी हातात असताना अकरा जिल्ह्यांतून सामने नेण्याचे वेळापत्रक पुढच्या हंगामाआधी प्रसिद्ध करावे. चंद्रपूर, अकोला, अमरावती, यवतमाळ इथल्या जिल्हा संस्थांनी पुढच्या सर्वसाधारण सभेत हा विषय लेखी मांडावा, आणि उत्तर मिळाल्याशिवाय सभा उठू देऊ नये. आणि तोवर विदर्भातील एकाही पालकाने, ज्या संघात आपल्या जिल्ह्याला जागा नाही त्या संघाची जर्सी आपल्या मुलाच्या अंगावर चढवू नये.